शेजारणीचं दुखणं

शहापूरच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं होते, आणि त्या चौदा वर्षांत आसपासच्या गावांतल्या बायकांनी आपलं प्रत्येक दुखणं माझ्या अंगावर बोट ठेवून सांगितलं. पोट, पाठ, कंबर, गुडघा, दाढ, सगळं. मला स्वतःला त्या काळात फारसं काही दुखलं नाही. पण दुखलं असतं, तर अजून कुणी बोट ठेवलं नाही अशी जागा अंगावर शिल्लक नव्हती.

आमचे हे डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. यांना बोलायला फार आवडे. औषधाची बाटली हलवता हलवता माणसाच्या तीन पिढ्यांची चौकशी करत. मी उलट. मराठी चौथी पास झाले तेव्हा बक्षीस घ्यायला नाव पुकारलं, तर मी उठलेच नाही. बक्षीस शेजारी बसलेल्या मुलीनं आणून दिलं. असं असताना डॉक्टर एकदा यांना म्हणाले, "बायका माझ्याशी बोलत नाहीत हो. कुणीतरी बाईमाणूस हवं." तर यांनी मला न विचारता सांगून टाकलं, "आमच्या घरात आहे की!" जसं काही घरात जास्तीचं पातेलं आहे.

माझं काम सोपं होतं. सकाळी बाटल्या उकळायच्या. त्या काळी औषधाची बाटली माणसांनी घरून आणायची. कुणी रॉकेलची आणी, कुणी खोबरेल तेलाची. त्या धुऊन, उकळून यांच्या हाती द्यायच्या. हे त्यात औषध भरत आणि बाहेरून कागदाची दातेरी पट्टी चिकटवत, म्हणजे एका वेळी किती घ्यायचं ते अडाण्यालाही कळे. पट्ट्या फाडणं, फडकी उकळणं, आणि मग दहा वाजता पडद्यामागं उभं राहणं.

पडदा म्हणजे डॉक्टरांच्या आईचं जुनं हिरवं लुगडं. ते खोलीत आडवं बांधलेलं होतं. पलीकडे डॉक्टर, अलीकडे दुखणाईत बाई आणि तिच्यासमोर मी. परपुरुषाला अंग दाखवायचं नाही, दुखणं सांगायचंही नाही, अशी रीत. म्हणून डॉक्टर पलीकडून विचारत, "किती दिवस झाले?" मी म्हणे, "किती दिवस झाले?" बाई म्हणे, "त्यांना सांग, दिवाळीपास्नं." मी म्हणे, "दिवाळीपासून." लुगडं विरलेलं होतं; ऐकू सगळ्यांना सगळं येत होतं. पण मधे मी नसले, तर दोघंही गप्प बसत.

"कुठं दुखतं?" असं विचारलं की बाई आपल्या अंगाला हात लावत नसे. ती माझ्या अंगावर बोट ठेवी. "हितं." मग मी सांगे, "बेंबीच्या खाली." दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी डॉक्टर मुरबाडला जात, तेव्हा सर्व्हिस मोटारीत औषधांची पेटी चढे, मग घडी केलेलं लुगडं आणि शेवटी मी. तिथंही हाच प्रकार. मुरबाडची एक म्हातारी मला नुसती भेटली तरी कंबरेत बोट खुपसून म्हणे, "अजून हाय गो!"

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण काही दुखणी अशी, की ती माझ्या अंगावर दाखवायलाही बायकांना लाज वाटे. मग ती दुखणी शेजारणीला होत. "माझ्या शेजारणीच्या अंगावरून जातंय." "माझ्या शेजारणीला खाज सुटलेय." त्यातलं सगळ्यात चोरटं दुखणं म्हणजे छातीतली गाठ. तिथला खरा शब्द मी अजून लिहीत नाही. छाती म्हणते, वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. अर्थात वाचणारं कुणी नाही. नातीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती म्हणून लिहिते आहे.

या गाठीबद्दल डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी पढवून ठेवलं होतं. ते पडद्याकडे तोंड करून शिकवत, कारण मी समोर असले की खाली बघत असे. "वहिनी, छातीत गाठ म्हटलं की आधी विचारायचं, दुखते का? दुखते म्हणाली तर बहुतेक दुधाची नाहीतर गळवाची. दुखत नाही म्हणाली, तर मला लगेच सांगायचं. न दुखणारी गाठ वाईट. तो कर्करोग असू शकतो. लहान असताना मुंबईला कापून काढली तर बाई जगते. फुटल्यावर आणली तर माझ्याकडे नुसती फडकी आहेत. आणि तुम्ही स्वतः चार बोटं टेकवून बघायची. सरकते की चिकटलेली आहे, ते मला सांगायचं. मी बघू शकत नाही, तुम्हीच माझा हात."

मी मान हलवली. पडद्यापलीकडे मान दिसत नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा "हं" म्हटलं.

मुरबाडला एकदा एक तरणी बाई आली. शेजारणीला छातीत गाठ आहे, म्हणाली. दुखत नाही, म्हणाली. मी सांगितलं, शेजारणीला घेऊन या. ती बरं म्हणाली आणि पदर छातीशी घट्ट धरून गेली. तो पदर मी पाहिला होता. कुणाची गाठ आहे ते मला कळलं होतं. पण "तुम्हालाच आहे ना?" एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. पुढच्या वर्षी तिचा नवरा, त्या दिवशी दारात थांबलेला तोच, पायाला कुऱ्हाड लागली म्हणून आला. पोरांना सांभाळायला घरात बाईमाणूस नाही, असं तो आमच्या यांना सांगत होता. मी आत बाटल्या धूत होते. धुतलेल्याच पुन्हा धुतल्या.

सकू आली ती त्यानंतर दोन वर्षांनी, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी. डोळखांबकडची, पस्तिशीची, अंगानं सडसडीत आणि तोंडानं फटकळ. बरोबर तिची मोठी जाऊ गोमी. दोघी पडद्यामागं आल्या आणि सकू म्हणाली, "हिच्या छातीत गाठ हाय."

गोमी म्हणाली, "माझ्या? मेले, तुझ्या!"

"तुझ्या गो! लाजतंस कशाला?"

"मी लाजतंय? वाटभर कोण सांगत आला, वालाच्या दाण्याएवढी हुती, आता चिंचोक्याएवढी झाली म्हून?"

पलीकडून डॉक्टर म्हणाले, "वहिनी, दोघींपैकी कुणाला आहे एवढं तरी ठरवा."

सकूनं पडद्याकडे बघून नाक मुरडलं. "दाक्तरला बोल, एकीला हाय असा समज." मग माझ्यासमोर बसली, इकडं तिकडं बघितलं, आणि माझ्या छातीवर डाव्या बाजूला बोट टेकवून झटकन मागं घेतलं, जसं काही तव्याला लागलं. "हितं. दुखत नाय. काय नाय. गोमी उगाच घेऊन आली."

दुखत नाही म्हटल्यावर मी पडद्याकडे वळले. मी ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हात लावून बघा."

मी हात पुढं केला. सकूनं पदर आवळला आणि माझ्याकडे असं बघितलं की माझा हात हवेतच राहिला. खरं सांगायचं तर तिच्याइतकीच मीही लाजले होते.

"लागली का हाताला?" डॉक्टरांनी विचारलं.

"लागली," मी म्हणाले.

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"सरकते?"

"नाही," मी म्हणाले. ठोकून दिलं.

डॉक्टरांनी मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी लिहिली. बाहेर सकूचा नवरा धर्मा जांभळाखाली बसला होता, त्याच्या हाती दिली आणि सगळं समजावलं. पेरणीच्या आत जाऊन या, म्हणाले. धर्मा गरीब माणूस, पण शहाणा. पुढच्याच आठवड्यात आसनगावला जाऊन त्यानं सकूला गाडीत बसवलं.

तीन आठवड्यांनी, दवाखाना भरलेला असताना, सकू दारात उभी. काखेत तांबडा कोंबडा.

"कुठं हाय दाक्तर? त्याच्या पाया पडायचाय!"

झालं असं होतं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि गाठबीठ काही नाही, म्हणून घरी पाठवलं. काही नाही निघालं तर देवीला कोंबडा, असं सकू बोलली होती. पण वाटेत तिच्या मनात आलं, देवी तर काही मुंबईला आली नव्हती, चिठ्ठी दाक्तरनं दिली. तेव्हा कोंबडा दाक्तरला. डॉक्टर कांदासुद्धा न खाणारे. ते उठून मागं सरकले. आमच्या यांनी कोंबडा हौसेनं घेतला आणि औषधाच्या कपाटाच्या पायाला बांधला. त्यानं तिथं जे आरवायला सुरुवात केली, की डॉक्टरांना छातीला नळी लावून काही ऐकू येईना.

मी सकूला आत घेतलं. मला आनंद झाला होता. पण गाठ गेली कुठं, हे मला कळेना.

"गाठ आपोआप जिरली?" मी विचारलं.

"जिरतंय कुठं? हाय तशीच हाय."

"मग बाई नाही कशी म्हणाली?"

"तिनं कागूद वाचला, ही बाजू उघड म्हणाली. मी उघडली. तिनं दाबून दाबून बघितला. तिथं काय हाय? काय नाय. मग बोलली, जा घरी."

"ही बाजू म्हणजे?"

सकूनं पुन्हा माझ्या अंगावर बोट ठेवलं. या वेळी उजव्या बाजूला.

"आणि गाठ?"

बोट डावीकडे आलं. माझ्या डावीकडे. ती माझ्यासमोर बसली होती, आणि तिचं बोट तिच्या छातीपासून सरळ रेषेत माझ्या छातीवर आलं होतं. माझी डावी म्हणजे तिची उजवी. इतकी वर्षं बायका माझ्यावर बोट ठेवत होत्या, आणि हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पोट एकच असतं, बेंबी एकच असते. कान दुखणाऱ्या बाईनं औषध भलत्या कानात घातलं असेल, तरी तिनं येऊन भांडण केलं नव्हतं.

"अगं, मग दुसऱ्या बाजूला आहे म्हणून सांगितलं का नाहीस?"

"कागदात एकीचाच नाव हुता," सकू म्हणाली. "दुसरी कशाला उघडू? मी काय तमाशाला गेलतंय?"

बाहेर कोंबडा आरवत होता. सकू हसत होती. मला मुरबाडच्या त्या बाईचा आवळलेला पदर दिसत होता. गप्प बसले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. चिठ्ठीत डॉक्टरांचं अक्षर होतं, आणि नाही म्हणणारी बाई मुंबईची होती. सकू आनंदानं घरी गेली असती, भात लावला असता, आणि कापणीपर्यंत ती गाठ फुटली असती.

मी लुगडं बाजूला सारलं आणि डॉक्टरांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"डॉक्टरसाहेब, मी हात लावलाच नव्हता. लागली म्हणून खोटं सांगितलं. गाठ उजवीकडे आहे, मी डावी सांगितली, ती माझी डावी होती, तिची नाही, आणि तिनं मुंबईला दुसरी बाजू उघडलीच नाही, गाठ आत आहे तशीच आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. आमचे हे हातात बाटली घेऊन उभेच राहिले. कोंबडा तेवढा आरवला.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "एवढं लांब वाक्य तुम्ही आज पहिल्यांदा बोललात." मग त्यांचा आवाज बदलला. "आधी आत जा आणि हात लावून या. खरोखर."

मी आत गेले. सकूनं पदर आवळला. मी म्हणाले, "सोड." कसं म्हटलं कुणास ठाऊक, पण तिनं सोडला. चार बोटं टेकवली. कातडीच्या आत चिंचोका, कडक. ढकलला तर सरकेना. तो स्पर्श मी त्या दिवशी शिकले, आणि पुढं कधी विसरले नाही.

सकूला पुन्हा मुंबईला जायचं आहे हे कळल्यावर तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर बाहेर जाऊन कोंबडा सोडला. "काय नाय म्हून दिलेला. काय हाय तर माझा कोंबडा माझा!" जांभळाखाली बसलेला धर्मा तिला समजावू लागला, तर त्याला म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा." मग माझ्याकडे बोट केलं. "चूक हिची. ही येत असल तर जाईन. नायतर मी आन् माझा कोंबडा चाललो."

मी तोवर आसनगावच्या पुढं कधी गेले नव्हते. आमचे हे म्हणाले, "ही? ही मुंबईला काय बोलणार?" त्यांचं बरोबरच होतं. पण डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली, त्यात 'उजवी' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या, आणि ती धर्माच्या नाही, माझ्या हाती दिली.

इस्पितळात धर्माला बायकांच्या बाजूला येऊ देईनात, तो दारातच राहिला. आम्ही दोघी आत. डॉक्टरीणबाई उंच, गोऱ्या, पांढरा कोट, कुठल्या मुलखातल्या कोण जाणे. मराठी मोडकं. त्यांनी सकूला ओळखलं. "तू? पुन्हा? तुला काय नाय, बोलला ना मी?" चिठ्ठी त्यांनी टेबलावर ठेवली, उघडलीसुद्धा नाही. मागं बायकांची रांग होती. "बोल. कुठे?"

डोळखांबपासून बोरीबंदरपर्यंत सबंध वाटभर बडबडत आलेली सकू खाली बघू लागली. पदर पुन्हा छातीशी. आणि हळूच म्हणाली, "माझ्या शेजारणीला..."

"शेजारीण कुठे आहे?" बाईंनी दाराकडे बघितलं.

आता बोलायची पाळी माझी होती. मी तोंड उघडलं. शब्द येईना. चिठ्ठी उघडा म्हणावं, उजवीकडे म्हणावं, काहीच येईना. मग माझ्या हातापायांनी त्यांना येत होतं ते केलं. मी टेबलाला वळसा घातला आणि डॉक्टरीणबाईंच्या मागं जाऊन उभी राहिले. मागं अशासाठी, की त्यांचं उजवं ते माझंही उजवं राहावं. एकदा चूक झाली होती, पुन्हा व्हायला नको. आणि मागून हात पुढं घालून, त्यांच्या पांढऱ्या कोटावर, उजव्या बाजूला, बरोबर जागेवर बोट ठेवलं.

"इथं," मी म्हणाले.

नर्स किंचाळली. रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी हात काढला नाही. काढला आणि त्यांनी विचारलं कुठं, तर पुन्हा ठेवायचा धीर मला झाला नसता.

डॉक्टरीणबाईंनी खाली वाकून माझं बोट बघितलं. मग वळून मला बघितलं. मग हसायला लागल्या, ते इतक्या, की गळ्यातली नळी हलायला लागली. "समजला," त्या म्हणाल्या. "आता तुझा बोट मला परत दे." सकूकडे वळल्या. "तू. दोन्ही बाजू. पूर्ण. मी तमाशा नाय बघत, मी डॉक्टर हाय."

तमाशाचं त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी तर नाही.

सकूची ती बाजू सगळीच काढावी लागली. महिनाभर ती तिथं होती. वेळेवर आली, असं त्यांनी आमच्या डॉक्टरांना कळवलं, आणि खाली माझ्यासाठी एक ओळ होती, ती डॉक्टरांनी मोठ्यानं वाचली नाही, नुसते हसले.

त्या दिवसापासून छाती म्हटली की दोन्ही बाजू बघायच्या, आणि बाईच्या समोर नाही, तिच्या शेजारी तिच्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं, असा नियम झाला. सगळ्याच वाचल्या असं नाही. काही उशिरा आल्या. काही वेळेवर जाऊनही दोन वर्षांत गेल्या, ते का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नसे. काही घरच्यांनी पाठवल्या नाहीत. आणि ती मुरबाडची, तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. आता विचारावंसं वाटतं, तर कुणाला विचारणार?

भात कापून झाल्यावर सकू दवाखान्यात आली. काखेत तोच तांबडा कोंबडा, आता चांगला जाडजूड झालेला. "घ्या. आता काय नाय. मी बघून आलेय, दोनी बाजू." डॉक्टर मागं सरकले. आमच्या यांनी तो पुन्हा कपाटाला बांधला. कापायची हिंमत आम्हाला झाली नाही. तो म्हातारा होऊन मेला.

पुढं सकू वर्षातून दोनतीनदा तरी यायची, कुठल्या तरी बाईला दंडाला धरून. माझ्या अंगावर बोट ठेवायला लाजणाऱ्या बायका सकूच्या अंगावर ठेवत. "हितं दाखव," ती म्हणायची, "हितं जागा रिकामीच हाय." मी चौदा वर्षं केलेलं काम ती माझ्याहून बरं करायची.

शेवटच्या वर्षीचं आठवतं. धसईकडची एक पोरसवदा बाई माझ्याजवळ आली, पदर आवळलेला. सकू मागच्या बाकावर तंबाखू मळत होती.

"माझ्या शेजारणीला ना, बाई," ती हळूच म्हणाली, "छातीत..."

मी काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला.

"शेजारीण तुझ्याच पायांनी चालत आलेय का गो?"

पोरगी दचकली. मग तिला हसू आलं. हसता हसता पदरावरचा हात सुटला. मी तिच्या शेजारी जाऊन, तिच्याच दिशेला तोंड करून उभी राहिले.